ऑगस्टात उचलू

एप्रिल. जावोर्निकच्या खांद्यावर अजून बर्फ,
थिजलेल्या तुपासारखा, जागोजाग.
लोव्ह्रोमामानं गोठ्यामागची लाल कनू ओढून काढली.
तिच्या पोटाला दोन ठिगळं,
आणि आत मांजराची तीन पिल्लं.
ती आधी टोपलीत हलवावी लागली,
म्हणून निघायलाच आठ वाजले.

"पुढे बस," मामा म्हणाला,
"आणि वल्हं चमच्यासारखं धरू नकोस. हे सूप नाही."

पाणी दारापासून चाळीस पावलांवर,
जिथं गेल्या महिन्यात याकोबचा ट्रॅक्टर उभा असायचा.
आमचं तळं असंच.
न सांगता येतं, जमिनीच्या भोकांतून वर,
आणि उन्हाळ्यात त्याच भोकांतून निघून जातं.
शाळेच्या नकाशात त्याची कड तुटक रेषेनं काढली होती.
मला वाटायचं, काढणाऱ्याची शाई संपली असेल.

मामा एकतीस वर्षं पोस्टमन होता.
त्याला पाण्याखालचा रस्ता पाठ.
"इथं डावीकडे," तो म्हणतो,
आणि डावीकडे काहीच नसतं,
एक ढग, उताणा पडलेला.
"खाली कुंपण आहे. मोय्त्साचं. तिचा कुत्रा चावायचा."
मी वाकून बघते.
खरंच, तारेचा एक पदर, त्यावर शेवाळ,
आणि त्यातून एक पाइक मासा निवांत जातो,
फाटक त्याच्यासाठीच उघडं ठेवल्यासारखा.

वल्ह्यावरून थेंब ओघळतात.
मामाचा एक कान गेलेला, म्हणून मी बोलत नाही.
का कोण जाणे, तोही बोलत नाही.

दुपारी पलीकडच्या काठाला लागलो.
बीचच्या रानात कोवळी, दुमडलेली पानं.
चिखलात अस्वलाचं पाऊल, पाण्यानं भरलेलं.
मी त्यात हात ठेवला. हात हरवला.
मामा मात्र एका भोकाशी उकिडवा बसला,
चांगला कान खाली लावून:
"अजून वर येतंय.
जूनमध्ये हाच आवाज उलटा ऐकू येतो."
मला दोन्ही वेळा गुडगुडणंच ऐकू आलं असतं.
मी मान हलवली.

परतताना त्यानं वल्हवणं थांबवलं.
कनू आपली आपण थोडी वळली.
"हा तुझ्या आईचा पट्टा."

आई इथं गवत कापायची,
लांब दांड्याचा विळा, कमरेला पाण्याचं शिंग,
त्यात निसणा.
गेल्या उन्हाळ्यात तो निसणा गवतात हरवला.
अंधार पडेपर्यंत आम्ही तिघं शोधत होतो
आणि ती हसत होती, "दगडच तो, कुठं पळणार?"
नोव्हेंबरात ती गेली.
पाणी त्यानंतर आलं.

मी पाव कापायला मामाचा चाकू घेतला,
आणि बोटं गारठलेली, की काय,
चाकू निसटला.
डुबुक. बस, एवढंच.
एक वर्तुळ, त्याच्याबाहेर दुसरं,
तिसरं कनूला लागून मोडलं.

तो चाकू त्याच्या नोकरीच्या पहिल्या पगाराचा.
मी त्याच्याकडे बघितलं नाही.

त्यानं एक डोळा मिटला.
"चर्चचं टोक, आणि तो एकटा स्प्रूस. एका रेषेत.
लक्षात ठेव. ऑगस्टात उचलू."
मग खिशातून दुसरं काहीच न निघाल्यानं
त्यानं पाव हातानं तोडला,
मोठा तुकडा मला.
"तिचा दगडही इथंच असणार," तो म्हणाला,
"पट्ट्याच्या टोकाला.
या वसंतात मी चार वेळा वरून गेलोय."

घरी पोचलो तेव्हा डोंगर निळे झाले होते
आणि माझे गुडघे भिजलेले.
कनू गोठ्यामागे पालथी न घालता
मामानं सरळच ठेवली, गोणपाट अंथरून.
मांजर आली. तिनं ओल्या तळाचा वास घेतला,
आमच्याकडे बघितलं,
भाड्यानं दिलेलं घर
कुणी घाण करून परत करावं, तसं,
आणि पिल्लू तोंडात धरून
पुन्हा टोपलीकडे चालू लागली.